अब्बांच्या झोपेची सायकल

माझा नवरा अरशद याला लॉकडाऊनमध्ये तब्येत कमवायचं वेड लागलं, आणि घरात एकामागून एक खोके येऊ लागले. आधी डंबेल्स आले. ते आठवडाभर उचलले गेले आणि मग वाऱ्याने दार आपटू नये म्हणून दाराशी जाऊन बसले. मग पोट कमी करायचं चाक आलं. त्यावर अरशद एकदाच ओणवा झाला, तोंडावर आपटला आणि चाक पलंगाखाली गेलं. उड्या मारायची दोरी आली, तिच्यावर मी ओढण्या वाळत घातल्या. मी काही बोलले की हा म्हणायचा, "सफिया, तब्येत पहिली. बाकी सब बाद में."

आणि मग जून महिन्यात सायकल आली. घरातल्या घरात मारायची, जागची न हलणारी सायकल! आली ती राहनाळच्या गोदामातून, म्हणजे आमच्या निजामपुऱ्यातून रिक्षाने गेलं तर चहा थंड व्हायच्या आत पोचू अशा ठिकाणाहून. पण मोबाइलवर ती आधी नाशिकला गेलेली दिसत होती, मग कुठे कुठे हिंडून आमच्याकडे आली. "बघ," मी रमशाला, माझ्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला म्हटलं, "चाकं नसलेली सायकल तुझ्या अब्बूपेक्षा जास्त फिरून आली."

मला हसू येत होतं ते वरवरचंच. आतून माझा जीव टांगणीला लागला होता, आणि कारण होते माझे सासरे.

कासमशेठ, म्हणजे आमचे अब्बा. खाली आमचा लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, कारखाना, वर आमचं घर. घराची जमीन लाकडी तुळयांवर टाकलेल्या लादीची, त्यामुळे खालचे लूम चालू असले की पाण्याचा पेलासुद्धा टेबलावर थरथरायचा. लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिले काही दिवस माझं डोकं नुसतं भणभणायचं. वाटायचं, ही माणसं बोलतात कशी, झोपतात कशी! नंतर तो आवाज अंगात मुरला. खटॅक-खटॅक, खटॅक-खटॅक, चोवीस तास. पाहुणे कानात कापूस घालायचे आणि आम्ही त्यांच्यासमोर मजेत डाराडूर झोपायचो.

मार्चमध्ये सगळे लूम एका दिवसात बंद झाले. कारीगर आधी खोलीत अडकून पडले, मग मे महिन्यात कोणी ट्रकने, कोणी पायी, आपापल्या मुलखाला गेले. गल्ली मुकी झाली. ज्या गल्लीत शेजाऱ्याला हाक मारायची तर ओरडावं लागायचं, तिथे आता मांजर भिंतीवरून उतरली तरी कळायचं. आणि अब्बांची झोप उडाली.

कमी झाली असं नाही, पार उडाली. दुपारी जोहरची नमाज पढून, जेवून ते बाहेरच्या खोलीत गादीवर आडवे व्हायचे आणि छताकडे बघत राहायचे. रात्रीचं तर बोलायलाच नको. डोळे खोल गेले, हात थरथरायला लागले, बीपी काही केल्या उतरेना. डॉक्टरांनी गोळी दिली, तर गोळीच्या गुंगीत ते मोरीत पडले, म्हणून ती बंद केली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बघा, दोन वर्षांपूर्वी यांना हार्टचा त्रास झालाय. झोप नाही लागली तर भरती करावं लागेल."

भरती! त्या दिवसांत हा शब्द ऐकला की अंगावर काटा यायचा. आमच्या गल्लीतून जे दवाखान्यात गेले, ते सगळेच परत आले नव्हते. आणि जे आले नाहीत, त्यांचं तोंडही घरच्यांना बघायला मिळालं नव्हतं. अब्बा एकटे तिकडे, आम्ही इकडे, हा विचारसुद्धा मला सहन होत नव्हता. माझे वडील मी लहान असतानाच गेले. या घरात येऊन मला जे वडील मिळाले, ते हे.

रमशाने युक्ती काढली. आजोबांना ती दादा म्हणते. मोबाइलवर लूमचा व्हिडिओ शोधून तिने आवाज मोठा केला आणि दादांच्या उशाशी ठेवला. अब्बांनी दोन क्षण ऐकलं आणि ताडकन उठून बसले.

"कोणाचा लूम हाय हा? ठोका चुकतोय. कोणी बघत न्हाय का त्याच्याकडं?"

"दादा, हा व्हिडिओ आहे. कुठला तरी, लांबचा."

"लांबचा असला म्हणून काय झालं? लूम मोडेल ना त्याचा!"

त्या दिवशी ते परक्याच्या लूमच्या काळजीने संध्याकाळपर्यंत जागे राहिले. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

तर अशा घरात सायकल आली. मधल्या खोलीत, अब्बांच्या खोलीच्या भिंतीला लागून ती ठेवली. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, अरशदने चार दिवसांतच पाय काढून घेतला. वर त्या सायकलीत खोट निघाली. पायडल फिरवलं की आतून खाडकन काहीतरी वाजायचं. खटॅक-खट! माझा पारा चढला. मी त्याला समोर बसवून कंपनीला फोन करायला लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, तक्रार लिहून घेतली, साहेब, पण सध्या मेकॅनिक नाहीत, आले की पाठवू.

"आता हिचं काय करायचं?" मी विचारलं.

"राहू दे ना. शर्ट अडकवायला होईल," अरशद म्हणाला.

माझ्या अंगाची लाही लाही झाली! म्हटलं, या घरात आणखी एक खुंटी मी होऊ देणार नाही. भांडी घासून झाल्यावर भर दुपारी, स्वयंपाकाच्या ओढणीसकट मी त्या सायकलीवर चढले आणि सगळा राग पायांत उतरवला. खटॅक-खट, खटॅक-खट. लादी हादरायला लागली. फडताळातल्या कपबश्या किणकिणायला लागल्या. घाम डोळ्यांत आला तरी मी थांबेना. मनातल्या मनात अरशदला एकेक वाक्य ऐकवत होते आणि एकेक फेरा मारत होते.

तेवढ्यात दारात रमशा उभी राहिली. तोंडावर बोट, डोळे हे एवढे मोठे. तिने बाहेरच्या खोलीकडे खूण केली.

अब्बा घोरत होते!

अहो, खरंच घोरत होते. तोंड उघडं, हात गादीवर सैल पडलेले, जसे मार्चच्या आधी झोपायचे तसे. मला रडूच फुटलं. ते बघायला मी पाय थांबवले, आणि त्याच क्षणी अब्बांचे डोळे उघडले.

"काय झालं? कंचा लूम थांबला?" अर्धवट झोपेत ते म्हणाले. मग आजूबाजूला बघून ओशाळले, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लूमवाला माणूस आवाजाने जागा होत नाही. आवाज थांबला की जागा होतो. लूम थांबला म्हणजे कुठे तरी धागा तुटला, कुठे तरी काही अडकलं, उठा, बघा! अब्बांनी सगळी उमर अशीच काढली होती, झोपेत एक कान खाली लावून. आणि मार्चपासून तर सगळंच थांबलं होतं. डोकं सांगत होतं लॉकडाऊन आहे, पण अंग ऐकत नव्हतं. ते अंग तेव्हापासून पहाऱ्यावर उभं होतं. मोबाइलचा आवाज हवेतून येत होता, म्हणून त्याने ते अंग फसलं नाही. सायकलीचा आवाज लादीतून, गादीतून, थेट हाडांत जात होता.

मी पुन्हा पायडलवर पाय ठेवला. जरा वेळाने घोरणं पुन्हा सुरू झालं. रमशाने आणि मी एकमेकींना मिठी मारायची तेवढी बाकी ठेवली, कारण मला थांबता येत नव्हतं.

त्या दिवसापासून आमच्या घरात शिफ्ट सुरू झाल्या. दुपारची ड्युटी माझी, रात्रीची रमशाची. अरशदलाही मी सोडलं नाही. "तब्येत पहिली, बाकी सब बाद में," असं म्हणून त्याला सायकलीवर चढवलं. पण त्याचा ठेका पाच मिनिटांत बिघडायचा आणि अब्बा कुशीवर वळायचे, म्हणून बहुतेक वेळा मीच. पहिल्या आठवड्यात जिना उतरताना माझे गुडघे लटपटायचे. मग पाय असे टणक झाले की मलाच नवल वाटायला लागलं. गव्हाचं पोतं मी एकटीने वर आणलं. तासन् तास उभी राहून स्वयंपाक केला तरी कंबर कुरकुरत नव्हती.

गंमत म्हणजे, यातलं आम्ही अब्बांशी एक अक्षर बोललो नाही आणि तेही आमच्याशी बोलले नाहीत. सुनेला "माझ्यासाठी सायकल मार" असं ते कसं म्हणणार? जेवण झालं की घसा खाकरून म्हणायचे, "सफिया, आज एक्सरसाइज न्हाय का? तब्येतीला चांगली असते बरं."

"आत्ता करतेच, अब्बा."

"हां, कर, कर. माझा विचार नको करूस. मना काय आवाजाचा त्रास होत न्हाय."

मी ओढणीत तोंड लपवून हसायचे. त्यांचा चेहरा भरत होता, बीपी उतरत होतं. बकरी ईद झाली, त्या दिवशी अब्बांनी दोनदा बिर्याणी मागून घेतली. डॉक्टर म्हणाले, कोणती गोळी दिली? मी म्हटलं, खटॅक-खट.

आणि मग मी बाजारात गेले असताना कंपनीचा माणूस आला.

परत आले तर अरशद दारातच उभा, ईदचा चाँद दिसल्यासारखा चेहरा करून. "सफिया, सरप्राइज! तू म्हणत होतीस ना, सायकल दुरुस्त करा? झाली! अनंता नावाचा मेकॅनिक आला होता. जुना पार्ट काढला, नवा टाकला, काम खल्लास. बसून तर बघ!"

मी पिशव्या तिथेच टाकल्या आणि धावत जाऊन पायडल फिरवलं. लोण्यासारखं फिरलं. सूंऽऽ. कुठे खट नाही की खुट नाही.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तक्रार करायला लावणारी मीच! अरशदकडे मी असं बघितलं की तो बिचारा दोन पावलं मागे सरकला आणि मग त्यालाही कळलं. "या अल्ला," तो म्हणाला आणि डोक्याला हात लावून बसला.

अब्बा मधल्या खोलीत आले, सायकलीवर हात फिरवून म्हणाले, "वा! मस्त झाली. काही आवाजच न्हाय." आणि जाऊन गादीवर पडले. मी पायडल मारत राहिले. दाराच्या फटीतून बघितलं, तर ते छताकडे बघत होते. मला वाईट वाटू नये म्हणून मधूनच डोळे मिटून घोरल्याचं सोंग करत होते. ते खोटं घोरणं ऐकून मी सायकलीवरून उतरले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे उपाय केले. रमशाने पायडलला स्टीलची वाटी बांधली, तर अब्बांनी विचारलं, "वर माकडं आली काय?" मी लाटण्याने लादी ठोकली, तर खालच्या रिकाम्या कारखान्यात कोणी शिरलं असं समजून ते काठी घेऊन उठले. शेवटी मी त्या अनंताला फोन लावला.

"भाऊ, तो जुना पार्ट आहे का तुमच्याकडे? परत बसवून द्या."

"जुना? ताई, तो तुटका होता."

"तुटकाच पाहिजे."

तो आधी हसला. मग म्हणाला, "ताई, दुरुस्त करायला लोक बोलावतात. मोडून द्या म्हणून आजवर कोणी बोलावलं न्हाय. तो भंगारात गेला."

तिसऱ्या दिवशी अब्बांचा हात पुन्हा थरथरायला लागला. चहाची बशी लादीवर पडून फुटली. डॉक्टरांनी बीपी बघितलं आणि म्हणाले, "उद्यापर्यंत बघू. नाहीतर मग भरतीची चिठ्ठी देतो."

डॉक्टर जिना उतरून गेले. अब्बा खिडकीशी बसले होते. मी त्या गुळगुळीत, मुक्या सायकलीकडे बघत होते आणि माझा राग असा उसळत होता की विचारू नका. सायकलीवर राग, कंपनीवर राग, स्वतःवर राग. आणि त्या रागातच माझ्या मनात आलं, मी लूमची नक्कल का शोधत बसलेय? अस्सल लूम माझ्या पायाखाली उभे आहेत!

आमच्या घरातल्या बायका कारखान्यात उतरत नाहीत. कोणी मनाई केली असं नाही, पण कारीगर पुरुष, गरमीत बनियनवर काम करणारे, म्हणून पद्धतच नाही. इतकी वर्षं मी त्या लूमच्या वर झोपले, त्यांच्या ठेक्यावर पोळ्या लाटल्या, पण एकालाही कधी हात लावला नव्हता.

मी अब्बांसमोर जाऊन उभी राहिले. "अब्बा, मला लूम चालवायला शिकवा."

त्यांनी मान वर केली. "काय?"

"लूम. खालचा. कारखाने चालू करायला परवानगी आहे आता. कारीगर नाहीत तर नाहीत, मी आहे."

"पोरी, ते काय पायडल मारायचं काम हाय? पूर्ण शिफ्ट उभं राहायला लागतं. पाय पाहिजेत त्याला."

"पायच तर आहेत!" मी जवळजवळ ओरडलेच. "तुमच्या मुलाच्या सायकलीने दुसरं काय दिलंय मला?"

अब्बांनी माझ्या पायांकडे बघितलं. मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, त्यांच्या डोळ्यांत ती जुनी शेठची चमक आली. "चावी घे," ते म्हणाले.

जिना ते माझ्या खांद्याला धरून उतरले. शटर वर केलं आणि धुळीचा, तेलाचा, सुताचा वास अंगावर आला. सगळे लूम जसे मार्चमध्ये सोडले तसेच उभे होते, अर्धवट विणलेलं कापड तसंच ताणलेलं, त्यावर धुळीचा थर. अब्बा कोपऱ्यातल्या कारीगरांच्या खाटेवर बसले आणि हुकूम सोडायला लागले. फडकं मार! तिथे तेल सोड! न्हाय, तिथे न्हाय, त्याच्या खाली! आता तो होडीसारखा धोटा घे. त्यात सुताची कांडी बसव. धोट्याच्या भोकाला तोंड लाव आणि धागा ओढ.

"तोंड लावू? कोरोनात?"

"मग काय नाक लावणार? धुऊन घे आणि लाव!"

मी मास्क खाली केला, धोटा पुसला, तोंड लावलं. धागा जिभेवर आला, धुळीच्या चवीचा. मोटर चालू केली. मग दोन्ही हातांनी हँडल ओढलं.

खटॅक! आणि लूम थांबला. पुन्हा ओढलं. खटॅक-खटॅक, आणि थांबला. "भीतभीत नको ओढूस," अब्बा ओरडले. "लूमला कळतं कोण घाबरतं ते! मार!"

मी डोळे मिटले आणि मारलं. खटॅक-खटॅक, खटॅक-खटॅक, खटॅक-खटॅक!

चालला! अहो, चालला! धोटा इकडून तिकडे पळायला लागला, कापड पुढे सरकायला लागलं, जमीन थरथरायला लागली आणि माझ्या अंगभर शहारा आला. वरून रमशा किंचाळत आली, तिच्यामागे अरशद. बाहेर गल्लीत खिडक्या धडाधड उघडल्या. समोरच्या कारखान्याचा अफजल मास्क विसरून धावत आला आणि शटरखालून डोकं घालून ओरडला, "कोणाचा लूम चालू झाला? कासमभाई, कारीगर आला का तुमचा?"

"आला!" अब्बा खाटेवरून तेवढ्याच मोठ्याने ओरडले. "घरातच होता!"

अफजलने माझ्याकडे बघितलं, लूमकडे बघितलं, आणि टाळ्या वाजवायला लागला. त्याच्यामागे आणखी कोण कोण जमलं ते मला बघता आलं नाही. माझी नजर धोट्यावरून हलत नव्हती. पाय मात्र जमिनीत रोवल्यासारखे घट्ट उभे होते. अब्बांच्या सूचना येत राहिल्या, मग कमी झाल्या, मग बंद झाल्या. मी चोरून वळून बघितलं. खाटेवर ते कुशीवर पडले होते, गुडघे पोटाशी घेऊन. अरशद त्यांच्या पायांवर चादर घालत होता. लोक चपला हातात घेऊन मागे सरकले.

मी विणत राहिले. केव्हा तरी कांडी बदलली, पहिल्याच झटक्यात जमली. आणि मी जरा सैल होते न होते तोच कट्ट झालं आणि लूम थांबला.

धोट्यातला आडवा धागा, बाणा, तुटला होता.

ती शांतता! आम्ही सगळे, मी, अरशद, रमशा, शटरपाशी उभा असलेला अफजल, सगळे खाटेकडे बघायला लागलो. आता डोळे उघडणार. आता "कंचा लूम?" म्हणून दचकून उठणार, आणि पुन्हा तेच सगळं. मी लूममधून काढलेला धोटा तसाच धरून उभी होते.

अब्बांचे डोळे मिटलेलेच राहिले. नुसते ओठ हलले.

"मना काय बघतेस? बाणा तुटलाय. जोड आणि चालू कर." त्यांनी चादर खांद्यावर ओढून घेतली. "तू हायस ना जागी."

मी धोट्याला तोंड लावलं, धागा ओढला आणि हँडल मारलं.